नगरसेवक व्हायचे आहे, पण सुरुवात कुठून?

‘पंधरा वर्षे प्रभागात लोकांची कामे करतो आहे, तिकिटासाठी कुणाला भेटू?’ ‘आमची जागा महिलांसाठी राखीव झाली, आता माझे काय?’ ‘निवडून तर आले, पण सभेत नेमके करायचे काय हे कुणीच सांगत नाही.’ नगरसेवकपदाबद्दल वाचकांचे प्रश्न फिरून फिरून याच तीन ठिकाणी येतात. १५ जानेवारी २०२६ रोजी राज्यातल्या २९ महापालिकांसाठी मतदान झाल्यापासून ते आणखी वाढले आहेत. त्याचे कारणही आहे. मुंबई-पुण्यासह बऱ्याच शहरांत २०२२ पासून प्रशासकच कारभार पाहत होते. महासभा नाही, स्थायी समिती नाही. या काळात राजकारणात आलेल्या तरुणांनी चालू सभागृह पाहिलेलेच नाही, मग शिकणार कुणाकडून?

आम्हाला या लेखात एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. नगरसेवकाचे काम शिकता येते आणि ते निवडणुकीच्या बरेच आधी शिकायला लागावे लागते. ज्याला कार्यपत्रिका वाचता येते आणि ज्याची तक्रारवही चोख असते, तो प्रभाग बदलला तरी उभा राहतो. ज्याची भिस्त फक्त नेत्याच्या शब्दावर असते, त्याची सारी मेहनत आरक्षणाच्या एका सोडतीत वाया जाऊ शकते.

आधी पद समजून घ्या

राज्यातल्या शहरांचा कारभार मुख्यतः तीन कायद्यांवर चालतो. मुंबईसाठी १८८८ चा महापालिका कायदा, इतर महापालिकांसाठी १९४९ चा आणि नगरपरिषदा-नगरपंचायतींसाठी १९६५ चा. तुमच्या शहराला लागू असलेल्या कायद्याची प्रत विकत घ्या. सगळा कायदा पाठ करायची गरज नाही. सदस्यांची पात्रता-अपात्रता, समित्या, सभेचे कामकाज आणि अंदाजपत्रक एवढी प्रकरणे दोनदा वाचलीत तरी पुष्कळ झाले.

महापालिकेत कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे असतात. महापौर सभेच्या अध्यक्षस्थानी असतात आणि त्यांची मुदत अडीच वर्षांची असते. नगरपरिषदेत नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडून येतो, तिथले गणित थोडे वेगळे. पण नगरसेवक कुठलाही असो, कनिष्ठ अभियंत्याला हुकूम सोडायचा अधिकार त्याला नसतो. त्याचे खरे अधिकार असे: प्रश्न विचारणे, ठराव आणि उपसूचना मांडणे, अंदाजपत्रकात तरतूद करून घेणे आणि समितीत खर्चाला मंजुरी देणे किंवा ती अडवणे. हे सगळे अधिकार सभागृहातले आहेत. प्रभागात फिरणारा पण सभेत गप्प बसणारा नगरसेवक आपले निम्म्याहून अधिक बळ वापरतच नाही.

महात्मा फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यात येणार म्हणून स्वागतावर हजार रुपये उधळायचे ठरले, तेव्हा तो पैसा गरिबांच्या शिक्षणाला लावा म्हणून त्यांनी विरोध केला. खर्च व्हायचा तो झालाच. पण एका सदस्याने सभेत काय करायचे असते, हे इतक्या नेमकेपणाने दाखवणारे दुसरे उदाहरण आम्हाला ठाऊक नाही.

पोटापाण्याची सोय आधी

या पदाला पगार नाही, मानधन आहे. २०१७ साली ठरलेल्या दरांनुसार मुंबईत ते महिन्याला २५,००० रुपये, पुणे-नागपुरात २०,००० आणि लहान महापालिकांत १०,००० रुपये. आमदारांसारखे निवृत्तिवेतन नाही. कार्यालयाचे भाडे, एखादा मदतनीस, गाडीचे पेट्रोल, लग्नकार्ये, गणपती-नवरात्राच्या वर्गण्या हे सगळे या मानधनात भागत नाही.

म्हणून घरचे उत्पन्न कुठून येणार हे निवडणुकीआधी घरच्यांसोबत बसून ठरवा. नोकरी खासगी असेल तर मालकाशी बोला. शासकीय किंवा महापालिकेच्या सेवेत असाल तर ती सोडल्याखेरीज उभे राहता येणार नाही. धंदा असेल तर तो महापालिकेच्या कंत्राटांपासून पूर्ण वेगळा ठेवा. हा प्रश्न अनुत्तरित ठेवून पदावर गेलेला माणूस पहिल्या वर्षातच कुणा बिल्डरच्या किंवा ठेकेदाराच्या उपकाराखाली येतो, आणि पुढच्या प्रत्येक मतदानाच्या वेळी त्याला त्या उपकाराची आठवण करून दिली जाते.

पात्रता: कागद दोन वर्षे आधी काढा

वय २१ पूर्ण हवे आणि त्या शहराच्या मतदार यादीत नाव हवे. शिक्षणाची अट नाही. उमेदवार शहरातल्या कुठल्याही प्रभागातून उभा राहू शकतो. सूचक मात्र ज्या प्रभागातून लढायचे तिथल्याच यादीतला लागतो. पक्षाच्या उमेदवाराला किती सूचक लागतात आणि अपक्षाला किती, हे निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातून पक्के विचारून घ्या. छाननीत अर्ज बाद होतात ते बहुधा अशाच बारीक गोष्टींवर.

लवकर तपासून ठेवायच्या गोष्टी:

- अपत्ये. १२ सप्टेंबर २००१ नंतर झालेल्या अपत्यामुळे संख्या दोनच्या वर गेली असेल तर अपात्रता येते. त्याआधीच दोनपेक्षा जास्त मुले असतील आणि नंतर भर पडली नसेल तर अडचण नाही.
- थकबाकी. मालमत्ता कर, पाणीपट्टी, महापालिकेच्या गाळ्याचे भाडे. वडिलोपार्जित घरात तुमचाही हिस्सा असेल तर तिथलाही कर बघा. ‘थकबाकी नाही’ असा दाखला हाताशी ठेवा.
- बांधकाम. नगरसेवक, त्याची पत्नी किंवा पती, किंवा त्याच्यावर अवलंबून असलेली व्यक्ती यांनी अनधिकृत बांधकाम केले तर पद जाते. तसे बांधकाम करायला मदत केली किंवा ते पाडायला आलेल्या अधिकाऱ्याला अडवले, तरीही जाते. गच्चीवरची पत्र्याची शेड आणि दुकानापुढचा वाढीव ओटाही यात बघावा.
- कंत्राट. महापालिकेच्या कामात प्रत्यक्ष किंवा आडून हितसंबंध चालत नाही. भाऊ किंवा मेव्हणा ठेकेदार असेल आणि त्याच्या संस्थेत तुमचा पैसा असेल तर तो काढून घ्या. काढल्याचा कागदही जपा.
- जात वैधता. राखीव जागेवरून लढायचे तर जात प्रमाणपत्र पुरत नाही, पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्र लागते. अर्जासोबत नसेल तर समितीकडे अर्ज केल्याचा पुरावा आणि हमीपत्र द्यावे लागते आणि ठरलेल्या मुदतीत प्रमाणपत्र सादर करावे लागते. ही मुदत बंधनकारक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले, तेव्हा निवडून आलेल्या कित्येकांची पदे गेली. त्यांतल्या अनेकांचा जातीचा दावा खरा होता, उशीर तेवढा नडला. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यासाठी गावाकडे खेटे घालण्यात महिने जातात, तेव्हा हे काम आजच सुरू करा.

शपथपत्रात गुन्हे, मालमत्ता, कर्जे, शिक्षण सगळे लिहावे लागते. एखादा जुना आंदोलनाचा गुन्हा विसरून राहिला असेल तर पोलीस ठाण्यातून आणि न्यायालयातून त्याची सद्यःस्थिती काढून घ्या. आंदोलनाचा गुन्हा शपथपत्रात दाखवल्याने लोक दुरावत नाहीत. तो लपवल्याचे उघड झाले तर मात्र विरोधकाच्या हाती आयते कोलीत मिळते.

तिकीट, एबी फॉर्म आणि अपक्ष

पक्षाचे तिकीट मिळाले असे तोंडी सांगितले म्हणजे काहीच मिळालेले नसते. पक्षाचा अधिकृत एबी फॉर्म अर्जाच्या शेवटच्या दिवशी ठरल्या वेळेच्या आत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे पोचला तरच तुम्ही पक्षाचे उमेदवार. बंडखोरी टाळायची म्हणून पक्ष हे फॉर्म अगदी शेवटच्या तासांत देतात. तुमचा बाकीचा अर्ज, शपथपत्र, अनामत, सूचकाची सही आदल्या दिवशीच तयार असली पाहिजे. त्याच जागेसाठी आणखी कुणाला फॉर्म दिला गेला आहे का, हेही पक्ष कार्यालयात तोंडावर विचारा. विचारण्यात संकोच बाळगू नका.

पक्षात नवखे असाल तर प्रभागातली मतदार यादी हे तुमचे भांडवल. विधानसभेची यादी फोडून प्रभागाच्या याद्या केल्या जातात आणि त्यात अख्ख्या इमारती शेजारच्या प्रभागात जातात. दारोदार जाऊन यादी तपासलेला, मयत आणि स्थलांतरितांची नावे काढलेला, नव्या मुलामुलींची नोंदणी करून दिलेला कार्यकर्ता शहराध्यक्षांना नाकारणे जड जाते.

अपक्ष लढायचा विचार असेल तर प्रभागाचा आकार बघून निर्णय घ्या. मुंबईत २२७ प्रभाग आहेत आणि एका प्रभागातून एकच नगरसेवक निवडून येतो. एखादी वस्ती, एखादा नगर परिसर पाठीशी असेल तर तिथे अपक्षाला जागा असते. इतर महापालिकांत मात्र बहुतांशी चार जणांचा प्रभाग आहे. अ, ब, क, ड अशा चार जागा आणि प्रत्येक मतदाराला चार मते. एवढ्या मोठ्या प्रभागात एकट्याने पोचणे फार कठीण, आणि मतदार एकाच चिन्हाकडे चारही मते देऊन मोकळे होतात. आमचे मत विचाराल तर चारच्या प्रभागात एकट्याने अपक्ष लढू नये. लढायचेच तर निदान चौघांचे पॅनेल बांधून लढावे.

खर्चाचा हिशेब

राज्य निवडणूक आयोगाने २०२५ साली खर्चाच्या मर्यादा सुधारल्या. मुंबई, पुणे, नागपूरसाठी १५ लाख, पिंपरी-चिंचवड, नाशिक, ठाण्यासाठी १३ लाख, त्याखालच्या वर्गासाठी ११ लाख आणि उरलेल्या लहान महापालिकांसाठी ९ लाख रुपये. नगरपरिषदेच्या सदस्यासाठी वर्गाप्रमाणे ५ लाख, साडेतीन लाख आणि अडीच लाख. निवडणुकीसाठी स्वतंत्र बँक खाते उघडा, रोजचा खर्च रोज लिहा आणि निकालानंतर ३० दिवसांत हिशेब सादर करा. हिशेब न देणाऱ्याला आयोग अपात्र ठरवू शकतो आणि हा नियम हरलेल्यालाही तितकाच लागू आहे. हरलेले उमेदवार हे विसरतात आणि पुढच्या वेळी अर्जाच्या टेबलावरच अडकतात.

निकालाला आव्हान द्यायचे असेल तर मुदत फक्त १० दिवसांची आहे. मतमोजणी प्रतिनिधीच्या टिपणांची प्रत त्याच रात्री ताब्यात घ्या, वकील दुसऱ्या दिवशी गाठा.

निवडून आल्यावर: कार्यपत्रिका वाचायला शिका

पहिल्या दिवसांत सत्कार होतात, हार-तुरे येतात. ते घ्या, लोकांचे प्रेम असते त्यात. पण त्याच आठवड्यात नगरसचिवांच्या कार्यालयात (मुंबईत महापालिका चिटणीसांकडे) जाऊन सभा कामकाजाचे नियम, मागच्या अंदाजपत्रकाची प्रत आणि आधीच्या सभागृहाच्या काही सभांची इतिवृत्ते मागून आणा. ज्येष्ठ सदस्य कुठल्या विषयावर काय विचारत होते, हे इतिवृत्तातून जेवढे कळते तेवढे कुठल्याही शिबिरात कळत नाही.

कार्यपत्रिका घरी आली की बरेच जण फक्त आपल्या प्रभागाचे नाव शोधतात. तुम्ही प्रत्येक विषयापुढे तीन गोष्टी लिहा: पैसा किती, कुठल्या लेखाशीर्षातून, आणि निर्णय आजच का हवा. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही तर विषयपत्राची पूर्ण प्रत मागा. सभेत हाती पडणाऱ्या ऐनवेळच्या विषयांबाबत अधिक सावध राहा. वाचल्याशिवाय हात वर करू नका. पुण्यात ज्याला वर्गीकरण म्हणतात, म्हणजे अंदाजपत्रकात एका कामासाठी ठेवलेले पैसे दुसऱ्या कामाला वळवणे, ते अनेकदा अशाच घाईत होते. ड्रेनेजसाठी ठेवलेला पैसा प्रवेशद्वाराच्या कमानीकडे गेला तर पावसाळ्यात घरात पाणी शिरलेली माणसे तुमच्याच दारात येणार आहेत.

विरोध असेल तर नुसते बोलून थांबू नका. ‘माझा विरोध इतिवृत्तात नोंदवा’ असे स्पष्ट म्हणा, गरज वाटली तर मतदान मागा, आणि पुढच्या सभेत इतिवृत्त कायम होताना तो खरोखर नोंदला आहे का ते वाचून बघा. पुढे त्या कामाची चौकशी लागली तर ही एक ओळ तुमच्या बाजूने साक्ष देते. पक्षाचा व्हिप असेल त्या विषयावर मात्र वेगळे मतदान करण्याआधी परिणाम समजून घ्या; त्याबद्दल पुढे लिहिले आहे.

अंदाजपत्रकाचे वेळापत्रक पाठ असू द्या. आयुक्त मसुदा स्थायी समितीला देतात, समिती त्यात फेरफार करून तो महासभेपुढे ठेवते आणि आर्थिक वर्ष सुरू होण्याआधी त्याला मान्यता मिळते. मसुदा छापून आल्यावर त्यात नवे काम घुसवणे अवघड जाते. तुमच्या प्रभागातली कामे जागा, लांबी-रुंदी आणि अंदाजे खर्चासह क्षेत्रीय कार्यालयातल्या अभियंत्याकडे दिवाळीच्या सुमारास लेखी पोचली पाहिजेत. पुण्यासारख्या शहरात नागरिकांनाही अंदाजपत्रकासाठी कामे सुचवता येतात. सोसायट्यांना ते अर्ज भरायला लावा, मागणीला वजन येते.

स्थायी समितीत १९४९ च्या कायद्याप्रमाणे १६ सदस्य असतात आणि पहिल्या वर्षाअखेर निम्मे चिठ्ठी टाकून निवृत्त होतात. खर्चाचे मोठे निर्णय इथे होतात, म्हणून चुरसही इथेच. पहिल्याच वर्षी वर्णी लागली नाही तर निराश होऊ नका. महिला व बालकल्याण समिती, प्रभाग समिती या ठिकाणी गर्दी कमी असते आणि काम शिकायला वेळ मिळतो.

एक रस्ता, तीन प्रश्न

‘नगरसेवक निधी’ हा शब्द सगळ्यांच्या तोंडी असतो. तो तुमचा खासगी पैसा नाही. अंदाजपत्रकातली तरतूद आहे आणि ती संपते. समजा एका गल्लीतला रस्ता उखडला आहे आणि लोक म्हणतात, तुमच्या निधीतून करून द्या. लगेच हो म्हणू नका.

पहिला प्रश्न: मागचे काम कधी झाले? पथ विभागातून त्या रस्त्याचा कार्यादेश काढा. त्यात ठेकेदार कोण, काम कधी पूर्ण झाले आणि दोषदायित्व कालावधी किती, हे असते. कालावधी संपला नसेल तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वतःच्या पैशाने करायची असते. दुसरा: मध्ये कुणी खोदले? केबल, गॅस किंवा वीज कंपनीने परवानगी घेऊन खोदाई केली असेल तर रस्ता पूर्ववत करण्याचे शुल्क महापालिकेकडे भरलेले असते. ते कुठे खर्च झाले ते विचारा. विनापरवाना खोदले असेल तर दंडाची मागणी करा. तिसरा प्रश्न विचारायचा तो पाणीपुरवठा आणि मलनिःसारण खात्याला: या रस्त्याखाली येत्या वर्षात वाहिनी बदलणार आहात का? बदलणार असतील तर आधी ते, मग डांबर.

या तीन प्रश्नांना फार तर आठवडा लागतो. तेवढ्यात निधी वाचतो आणि अभियंत्यांना कळते की या माणसाला कागद वाचता येतो. त्या दिवसापासून तुमच्या फोनला ते वेगळ्या पद्धतीने उत्तर देतात.

तक्रारवही

मोबाइलमधले संदेश म्हणजे नोंद नव्हे. एक जाड वही किंवा साधा तक्ता ठेवा. रकाने एवढे पुरेत: तारीख, नाव, नेमकी जागा (दिव्याची तक्रार असेल तर खांबाचा क्रमांक), खाते, महापालिकेचा तक्रार क्रमांक, कुणाशी बोललात त्याचे पद, त्याने दिलेली तारीख आणि प्रत्यक्ष काय झाले.

अशी वही काही महिन्यांनी बोलायला लागते. पाणी कमी दाबाने येते अशा एकाच गल्लीतल्या सात तक्रारी असतील तर वेळा बघा. सगळ्यांना सकाळचा शेवटचा अर्धा तास पाणी मिळत नसेल तर व्हॉल्व्ह ठरल्या वेळेआधी बंद होतो आहे. गल्लीच्या टोकालाच पाणी नसेल तर मधल्या कुणी थेट वाहिनीला मोटर लावली आहे का ते पाहायला हवे. वरच्या अंगाला नवी मोठी सोसायटी जोडली गेली असेल तर वाहिनीचा व्यास पुरतो का, हा प्रश्न महासभेत विचारायचा. व्हॉल्व्हमनशी, मुंबईत चावीवाल्याशी, ओळख ठेवा. कागदावरच्या वेळा आणि प्रत्यक्षातल्या वेळा यांतला फरक त्याला ठाऊक असतो. मृणाल गोरे १९६१ साली मुंबई महापालिकेत निवडून आल्या. गोरेगावच्या पाण्यासाठी त्यांनी इतकी वर्षे पाठपुरावा केला की ‘पाणीवाली बाई’ हीच त्यांची ओळख झाली. त्या पुढे आमदार आणि खासदार झाल्या.

कार्यालयासाठी आणखी दोन सूचना. सही केलेली कोरी लेटरहेड कुणाकडेही, अगदी सख्ख्या भावाकडेही, ठेवू नका. आणि दिलेल्या प्रत्येक रहिवासी दाखल्याची व शिफारसपत्राची जावक नोंद ठेवा. दाखला, नळजोडणी, परवाना अशा कामांसाठी माणूस आला तर चिठ्ठी देण्याऐवजी त्याचा अर्ज नीट भरून द्या. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली अधिसूचित सेवांना मुदत ठरलेली आहे आणि ती टळली तर अपील करता येते. हक्काने मिळणारी गोष्ट लोकांना उपकार म्हणून देणे बरे नव्हे.

नगरसेविकांसाठी

२०११ पासून निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत, आणि सर्वसाधारण जागेवरूनही महिला लढू शकते. तरी अनेक प्रभागांत फलकावर फोटो बाईंचा आणि खुर्चीत पती, दीर किंवा सासरे असे चित्र दिसते. हे मनापासून खटकते, कारण कायद्याने जबाबदारी फक्त तुमची आहे. चौकशी लागली, अपात्रतेची नोटीस आली, तर नाव तुमचेच असते.

- सही स्वतः करा आणि वाचून करा. शिक्का तुमच्या कुलपात ठेवा.
- कार्यालयाचा आणि अधिकाऱ्यांना दिलेला फोन क्रमांक तुमचाच असू द्या.
- सभेला, पाहणीला, अधिकाऱ्यांच्या बैठकीला घरच्यांना सोबत बसवू नका. घरच्यांची मदत प्रभागातल्या धावपळीत घ्या.
- पहिल्या तीन सभांत एक तरी लेखी प्रश्न टाका. लेखी प्रश्नाला बोलण्याची सवय लागत नाही, उत्तर मात्र अधिकृत मिळते.
- अंगणवाडी, प्रसूतिगृहे, सार्वजनिक स्वच्छतागृहे, महापालिका शाळा हे विषय ‘महिलांचे’ म्हणून दिले गेले तर जरूर घ्या, पण रस्ते आणि पाणीपुरवठ्याच्या बैठकीतली खुर्चीही सोडू नका.

पद जाते कशाने

अपात्रतेची वर सांगितलेली कारणे पदावर असतानाही लागू राहतात. त्याशिवाय:

- महापालिकेच्या सभांना लागोपाठ तीन महिने, आजारपण किंवा मान्य कारणाशिवाय, गैरहजर राहणे. परदेशी मुलाकडे जायचे असेल तर आधी रजेचा अर्ज द्या.
- पक्षांतर. १९८६ च्या स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता कायद्याने पक्ष सोडणे, व्हिप मोडून मतदान करणे यावर पद जाऊ शकते. अपक्ष निवडून येऊन नंतर एखाद्या पक्षात प्रवेश केला तरीही. निकालानंतर विभागीय आयुक्तांकडे गटनोंदणी होते, तेव्हा कुठल्या गटाच्या कागदावर सही करतो आहोत ते पूर्ण वाचा. फार्महाउसवर गेलेल्या बसमध्ये केलेली सहीसुद्धा सहीच असते.
- पैसे घेणे. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखाली नगरसेवक लोकसेवक आहे. लाचलुचपतची कारवाई तुमच्यासाठी पैसे घेणाऱ्या ‘माणसा’वर झाली तरी तपास तुमच्यापर्यंत येतो.

आपला आर्थिक संबंध असलेला विषय सभेत आला तर तो उघड सांगून चर्चेतून आणि मतदानातून बाजूला व्हा.

आरक्षण फिरले, तिकीट कापले किंवा हरलात

राज्यात २००२ साली तीन सदस्यांचा प्रभाग, २००७ मध्ये एक, २०१२ मध्ये दोन आणि २०१७ मध्ये चार, असे मुंबईबाहेरच्या बहुतेक महापालिकांत होत आले आहे. हद्दी बदलतात, सोडत बदलते. आपल्या एकाच वाडीवर किंवा एकाच नगरावर सगळे बांधू नका. शेजारच्या प्रभागातही तुमची कामे आणि माणसे असू द्या.

जागा गेली तर मार्ग असे आहेत. शेजारच्या प्रभागातली खुली किंवा तुमच्या प्रवर्गाची जागा. पक्षातर्फे स्वीकृत सदस्यत्व; त्यात बोलता येते, मतदानाचा हक्क नसतो. प्रभाग समितीवर स्वयंसेवी संस्थांच्या प्रतिनिधीसाठी जागा असतात, पण त्यासाठी तुमचे काम नोंदणीकृत संस्थेतून झालेले हवे. पत्नीला किंवा आईला उभे करण्याचा मार्ग सगळे आधी सुचवतात. ती स्वतः काम करणार असेल आणि तिची इच्छा असेल तरच तो घ्या. प्रभागात वर्षानुवर्षे राबणारी एखादी कार्यकर्ती असेल तर तिच्या मागे उभे राहणे अधिक योग्य, आणि लोकांनाही ते दिसते.

आमदारकीचे स्वप्न बघायला हरकत नाही. मनोहर जोशी मुंबईचे नगरसेवक आणि महापौर होते, छगन भुजबळ महापौर होते, देवेंद्र फडणवीस १९९२ साली नागपुरात नगरसेवक झाले, एकनाथ शिंदे १९९७ साली ठाण्यात. गिरीश बापट पुण्याच्या महापालिकेतून विधानसभेत आणि पुढे लोकसभेत गेले. पण पहिल्याच वर्षी आमदारकीचे फलक लावलेत तर विद्यमान आमदार तुमची कामे अडवतील आणि प्रभागातले लोक ‘हा इथे थांबणार नाही’ असे धरून चालतील. दोन मुदती पुऱ्या होईपर्यंत त्याबद्दल जाहीर बोलू नये, असा आमचा सल्ला.

हरलात तर तक्रारवही बंद करू नका. माहितीचा अधिकार, लोकसेवा हक्काचे अपील, खात्यांकडे लेखी पाठपुरावा यांसाठी पद लागत नाही. क्षेत्रसभेची, म्हणजे प्रभागातल्या मतदारांच्या सभेची, तरतूद २००९ पासून कायद्यात आहे. ती आपल्या प्रभागात घ्या म्हणून निवडून आलेल्याला लेखी मागणी करा आणि पोच घ्या. आणि पुढच्या निवडणुकीची प्रभागरचना व प्रारूप मतदार याद्या जाहीर झाल्या की हरकतींसाठी मिळतात ते मोजके दिवस. त्या दिवसांत नकाशा आणि यादी घेऊन निवडणूक शाखेत बसायला दोन माणसे आत्तापासून ठरवून ठेवा.